नववं जाळं

ऐनाच्या झाडाची साल सहा तास उकळावी लागते. पहिल्या तासाला पाणी चहासारखं दिसतं, तिसऱ्याला विटेसारखं, सहाव्याला सुकलेल्या रक्तासारखं. त्या पाण्यात सुती जाळं बुडवलं की ते कुजत नाही, आणि त्याचा वास जातो.

*

धर्मा सात वर्षांचा असताना घारीने त्याच्या डोक्यावर झडप घातली. हातात सुरमईचा तुकडा होता. तुकडा गेला, टाळूवर तीन ओरखडे राहिले. मी हळद भरली. तो रडला नाही. "वयनी, ती परत येईल?" एवढंच विचारत राहिला.

*

अलीगढचं कुलूप. दोन चाव्या. एक माझ्या कमरेला, दुसरी समुद्रात.

*

रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळा कागद लावा, अशी दवंडी फिरली. आमच्या घराला खिडकी नव्हती. मी दारालाच लावला. दुसऱ्या दिवशी बकरीने तो खाल्ला.

*

आमच्याकडे लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नाव कोरतात. माणसाचं पहिलं नाव कोरायला जागा लागते, म्हणून पुष्कळ वेळा नुसतं आडनावच. आमच्या भांड्यांवर 'मेहेर' आहे. वाटणी झाली तेव्हा कुठलं भांडं कुणाचं, हे नावावरून सांगता येईना.

*

सोनकी जाळं डोक्यावर घेऊन अंगणात आली तेव्हा मी कढईखालची राख ओढत होते. सोनकी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची, धर्माची बायको. दोन वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या अंगणात पाय ठेवत होती. जाळ्यातून पाणी तिच्या मानेवर ओघळत होतं, आणि पाण्याबरोबर वास.

"कुठे टाकू?" ती म्हणाली.

"काय आणलंयस?"

"दिसत नाय? जाळं हाय. साल लावायचीय. बाकी आठांची लावलीस ना?"

"त्यांची सुकी होती. माळ्यावरची. हे काय, कालच समुद्रातून काढलंस?"

"आज. पहाटे. आमच्याकडं माळ्यावर ठेवायला दुसरं नाय."

ते खरं होतं. हे कुरवे बंदरातलं सांगते आहे, एकाहत्तर सालचं, लढाई लागायच्या आधीच्या आठवड्यातलं. बंदराच्या दक्षिणेला, मिठागरं संपतात तिथे, तेलाच्या तीन बुटक्या टाक्या होत्या. वरून दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर घालायला जाळी यायची होती, ती आली नाही. टाक्यांचा साहेब नेगी, कुठल्यातरी डोंगराळ मुलखातला, रोज तारा करायचा आणि रोज डोकं धरून बसायचा. तेव्हा बंदरावरचा कारकून चुरी त्याला म्हणाला, साहेब, इथे नायलॉन येऊन पाच वर्षं झाली, घराघरात माळ्यावर जुनी सुती डोल, म्हणजे पिशवीसारखी मोठी जाळी पडली आहेत. नऊ घरांनी नऊ द्यावी. एका टाकीला तीन. बदल्यात सरकार नायलॉनचं देईल. साहेबाने एकच अट घातली. रंग मातीसारखा पाहिजे.

मातीसारखा रंग म्हणजे साल. साल म्हणजे तांब्याची कढई, आणि ती गावात एकच, आमच्याकडे. कढईला गोडं पाणी लागतं. गोड्या पाण्याची विहीरही आमच्या पाखाडीत, म्हणजे वाडीत, एकच, आमच्या अंगणात. दोघा भावांच्या वाटणीत विहीर थोरल्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, हरेश्वरकडे आली होती. पण पाण्याची वाटणी कुरव्यात कुणी करत नसे. आठ दिवसांत आठ जाळी उकळली होती. नववं धर्माचं. तो अजून सुती जाळ्यानेच मासे मारत होता. नायलॉन मिळणार म्हणून त्याने चालतं जाळं काढून दिलं होतं.

"पाणी खाली गेलंय," मी म्हटलं.

"आता? मार्गशीर्षात?"

"आठ कढया भरल्या. आभाळातून पडतं काय आता पाणी?"

"बघू दे."

"कुलूप हाय."

तिने डोक्यावरचं जाळं खाली टाकलं आणि विहिरीकडे बघितलं. फळ्यांचं झाकण, त्यावर आडवी लोखंडी पट्टी, पट्टीला कुलूप.

"विहिरीला कुलूप?" ती म्हणाली. "कुरव्यात?"

"पोरं पडतील."

"तुला पोर नाय. माझी तुझ्या अंगणात येत नाय. कोण पडणार?"

"मग तूच पडशील."

ती हसली. सोनकीला राग आला की ती हसायची, हे तिच्या लग्नात मांडवातच माझ्या लक्षात आलं होतं.

"हे बघ जाऊबाय. उद्या सकाळी ट्रक येणार. जाळं नाय गेलं तर तिसरी टाकी उघडी राहील. तुझं माझं नंतर बघू."

"समुद्राच्या पाण्यात उकळ."

"खाऱ्या पाण्यात साल धरत नाय. तूच शिकवलंस."

"शिकवलं खूप जणांना. शिकून कोण कुठं गेलं ते पण बघितलं."

तिने जाळं परत उचललं. ओलं सुती जाळं एकट्या बाईने डोक्यावर घेणं सोपं नाही. तिचे गुडघे एकदा वाकले. मी राख ओढत राहिले.

"मी परत येणार नाय," ती म्हणाली.

"बोलावलं कुणी?"

*

लग्न होऊन मी आले तेव्हा धर्मा पाच वर्षांचा होता. त्याची आई त्याच्याच बाळंतपणात गेलेली. त्याला मी न्हाऊ घातलं, जेवू घातलं, पोहायला मी ढकललं. मला मूल झालं नाही, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, कारण घरात एक होतं.

त्याच्या लग्नानंतर सहा महिन्यांत सोनकीने वेगळी चूल मागितली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. धर्माने आपलं अंथरूण गुंडाळलं, काखेत मारलं आणि "येतो वयनी" म्हणाला. समोरच्याच घरात गेला, वीस पावलांवर. दोन वर्षं ती वीस पावलं उलट आली नाहीत.

*

सोनकीने जाळं खाडीच्या चिखलात पुरलं, रात्रभर ठेवलं आणि पहाटे काढून ट्रक येईपर्यंत वाऱ्यावर पसरलं. रंग सालीपेक्षा सुंदर आला. ट्रकवर चढवताना तिने चुरी कारकुनाला सांगितलं, "साल लागली नाय याला." चुरीने जाळं बोटांनी चाचपलं, बोटं हुंगली, रुमालाला पुसली.

"रंग दिसतोय ना? साहेबाने वासाचं काही सांगितलेलं नाही."

गाठीगाठीत जवळा अडकलेला होता. आमच्या जाळ्यात तो असतोच. डोळ्यांना दिसत नाही.

तिसऱ्या टाकीवर सगळ्यात वर ते जाळं बसलं. धर्माला टाक्यांवर जाळी ताणायचं आणि राखणीचं काम मिळालं.

पहिल्या दिवशी दोन कावळे आले. दुसऱ्या दिवशी चार घारी. लढाई सुरू झाल्याचं रेडिओने सांगितलं त्या दिवशी तिसऱ्या टाकीवर इतक्या घारी फिरत होत्या की गावाच्या कुठल्याही ओट्यावरून त्या दिसत. पहिल्या दोन टाक्या खरंच दिसत नव्हत्या. शोधाव्या लागत. तिसरी मात्र लांबून ओळखू यायची.

पागधऱ्यांचा म्हातारा ओट्यावर बसून म्हणायचा, "सरकारने टाकी झाकली आणि वर बावटा लावला." लोक हसायचे. मीसुद्धा हसायची. समोरच्या घरात सोनकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

*

लढाईच्या पाचव्या दिवशी सकाळी धर्मा आला. दारात थांबला. पूर्वी तो कधी दारात थांबायचा नाही, सरळ चुलीपाशी येऊन झाकणं उघडून बघायचा.

"वयनी, ती थाळी हाय का अजून?"

"कसली थाळी?"

"घारी हाकलायची."

माझ्या लग्नातली पितळी थाळी होती, जाड. बोंबील वाळत घातले की मी ती लाकडाने बडवायची. घारी, कावळे, मांजरं, सगळे पळायचे. तेव्हा धर्मा माझ्या पाठीमागे उभा राहून कान झाकायचा आणि ओरडायचा, "अजून, वयनी, अजून!"

मी थाळी काढून दिली.

"साहेब ओरडतो," तो म्हणाला. "बोलतो, वर चढ आणि दिवसभर हाकल. बांबूने जात नायत. बांबूवरच बसतात."

मी हसले. तोही हसला.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"आता कसली भीती?" तो म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप टाळूवर गेला.

थाळी मिळाली तरी तो निघेना. नखाने थाळीच्या काठावरचं नाव खरवडत राहिला.

"वयनी, कुलूप काढ."

"कसलं?"

"आज संध्याकाळी मी जाळं उतरवतो. तुझ्या कढईत साल लावू. सकाळी परत घालतो. साहेबाला विचारलं. हो बोलला."

"तिने पाठवलं तुला?"

"तिला सांगितलं पण नाय. ती बोलली असती, मर, पण तिच्या दारात जाऊ नको."

"मग आलास कशाला?"

"वास मारतंय म्हणून आलो."

"तिला येऊन मागू दे."

"ती आलेली."

"परत येऊ दे."

"नाय येणार. तू ओळखतेस तिला. दोघी सारख्याच."

हे त्याने बोलायला नको होतं. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

"दुसरी चावी दादाकडे असेल ना?" तो म्हणाला. "मी त्याला विचारतो."

"ती हरवली."

"कधी?"

"हरवली म्हटलं ना."

बाहेर बकरी काहीतरी चावत होती.

"वयनी, मी जाळ्याचं बोलतोय. बाकी कशाचंच नाय."

"उद्या बघू."

"उद्या नक्की?"

"बघू म्हटलं."

त्याने थाळी काखेत मारली, अंथरूण मारलं होतं तशी. चुलीवर चहा होता. मी त्याला घे म्हटलं नाही.

*

दुपारी साडेतीनला धक्क्यावर लिलाव चालू होता. लढाई असली तरी मासळी थांबत नाही. त्या वर्षी बोंबील इतका पडला होता की वाळत घालायला काठ्या पुरत नव्हत्या. मी माझ्या पाट्या लावून उन्हाला पाठ करून बसले होते. शेजारी गुणाबाय आरेकरीण.

टाक्यांकडून थाळीचा आवाज येत होता. अर्ध्या मैलावरून, पण वारा तिकडून होता. टण, टण, टण. दुपारभर चालला होता.

"तुझा दीर देवळात लागला काय गो चंपू?" गुणाबाय म्हणाली. "आरती संपेना त्याची."

"प्रसाद मिळेल तुला," मी म्हटलं.

"त्या बायकोच्या जाळ्याचा? नको बाय."

बायका हसल्या. तेवढ्यात कुणीतरी समुद्राकडे बोट दाखवलं. दोन विमानं, पाण्याला लागून म्हणावीत इतकी खाली. सूर्य त्यांच्या मागे होता, म्हणून ती काळी दिसली.

"आपली!" गुणाबाय उठली आणि पदर हलवायला लागली. "आपली, आपली!" मग सगळ्याच उठल्या. लिलाव करणारा हरी दवणे पाटीवर चढून दोन्ही हात वर करून उभा राहिला. आम्ही विमान कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. मीही हात वर केला.

भोंगा नंतर वाजला.

पहिला बाँब धक्क्याच्या टोकाला पडला. आधी पाणी उभं राहिलं, माडाइतकं, आणि मग आवाज आला. मला वाटलं मी पडले नाही, बाकी सगळे पडले. पण माझं तोंड चिखलात होतं. वरून काहीतरी मऊ मऊ पडत होतं. बोंबील. आभाळातून बोंबील पडत होते, आणि लाकडाच्या ढलप्या, आणि कुणाची तरी चिलीम. धक्क्याला बांधलेल्या दोन होड्या पेटल्या. त्यातल्या एकीत पागधऱ्यांचे दोन खलाशी झोपले होते. गुणाबाय बसून राहिली होती आणि पदर अजून हलवत होती. तिच्या कानातून रक्त येत होतं.

दुसरा बाँब खाडीच्या चिखलात गेला आणि चिखलातच राहिला.

मी उठून बसले तेव्हा विमानं वळून टाक्यांकडे जात होती. थाळीचा आवाज अजून येत होता. हे मला आजही समजत नाही. भोंगा वाजला, बाँब पडले, धक्का पेटला, आणि तो वाजवत होता. विमानं बघून घारी हाकलत होता, की घारींमुळे विमानं दिसली नाहीत त्याला, की माणूस घाबरला की हात चालू ठेवतो. तिसऱ्या टाकीवरून घारी एकदम वर उडाल्या, चुलीत फुंकर मारल्यावर राख उडते तशा. त्यांच्या खाली एक माणूस उभा दिसला, एक हात वर.

बंदुकीचा आवाज कापड फाडल्यासारखा आला. लांबलचक कापड.

मग थाळी थांबली.

विमानं समुद्राकडे निघून गेली. माणसं ओरडत होती, धावत होती, पाण्यातून कुणाला तरी ओढत होती. मी टाकीकडे बघत होते. घारी थोडा वेळ वरच फिरल्या. मग एकेक करून खाली आल्या आणि जाळ्यावर बसल्या.

*

टाकीच्या माथ्याला अकरा भोकं पडली होती. तेल खाली होतं, पेटलं नाही. तेल पेटलं असतं तर गाव राहिलं नसतं, असं नेगी साहेब म्हणाला. धर्माला चार भोकं होती.

*

तिसऱ्या दिवशी आम्हाला बंदराच्या कचेरीत बोलावलं. टेबलामागे नेगी साहेब, त्याच्या बाजूला तालुक्याहून आलेला जमादार. चुरी कारकून उभा राहून साहेबाचं आम्हाला आणि आमचं साहेबाला सांगत होता. हरेश्वर भिंतीला टेकून उभा. सोनकी खाली बसली होती, मोकळ्या कपाळाने, हात मनगटापर्यंत पदरात. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"नववं जाळं कुणाचं?" साहेबाने चुरीकरवी विचारलं.

"आमचं," सोनकी म्हणाली.

"बाकी आठांवर पाखरू बसत नाही," जमादार म्हणाला. "एकावरच बसतं. बरोबर टाकीच्या डोक्यावर. विमान बरोबर तिथेच येतं. हे आपोआप होतं काय?"

"माझा नवरा वर होता."

"तो वर चढणार, हे जाळं देताना तुला कुठे ठाऊक होतं? कुणाच्या सांगण्यावरून दिलंस, ते सांग."

सोनकी हसली. त्या खोलीत तिचं हसणं फक्त मला आणि हरेश्वरला कळलं. जमादाराला ते वेगळंच कळलं असावं, कारण त्याने पेन उचललं.

साहेब थकलेला दिसत होता. तो म्हणाला, आणि चुरीने सांगितलं, "इतर सर्वांनी जाळी उकळून दिली. तू का नाही उकळलंस? एवढंच सांग. कारण असलं तर मी ते लिहीन."

"विहिरीला कुलूप होतं," सोनकी म्हणाली. "हिला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. बाहेर धक्क्यावर सुतार जळक्या होडीच्या फळ्या तोडत होते, तो आवाज तेवढा येत होता.

"कुएँ पर ताला था?" साहेबाने मलाच विचारलं. एवढी हिंदी मला कळत होती.

"होय साहेब."

"क्यों?"

जमादाराचं पेन कागदावर टेकलेलं होतं. सोनकी घरी जाणार की जमादाराबरोबर, हे मी काय म्हणते यावर ठरणार होतं. हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"पाणी आटलं होतं," मी म्हटलं. "आठ कढया उपसल्या. गाळ दिसायला लागला. पोरं वाकून बघतात, म्हणून कुलूप घातलं."

चुरीने सांगितलं. साहेब डोंगरातला माणूस, त्याला आमच्या विहिरी काय ठाऊक? त्याने चुरीलाच विचारलं, डिसेंबरमध्ये इथे विहीर आटते का?

चुरीच्या घरी आमच्याच विहिरीचं पाणी जायचं, कुलूप लागल्यावरही मी रोज दोन हंडे काढू द्यायची. त्याने माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे.

"कधी कधी," तो म्हणाला.

हरेश्वर खोकला. साहेबाने त्याच्याकडे मान वळवली. "तुम बोलो."

"चावी तिच्याकडे असते," हरेश्वर म्हणाला.

सोनकी उठून उभी राहिली. पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं.

"चल," ती म्हणाली. "आता चल. कुलूप काढ आणि दाखव साहेबाला. दाखव गाळ."

साहेब खरंच खुर्चीवरून अर्धा उठला.

"आता कसा दिसेल गाळ?" मी म्हटलं. "नऊ-दहा दिवस कुणी उपसलं नाय. झरे हायत. परत भरली."

जमादार म्हणाला, "मग बघायचं काय? झरे भरतात, तर ही दोन दिवस थांबली का नाही? जाळं द्यायची घाई कुणाची?" साहेब परत बसला.

सोनकी उभीच होती. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, माझ्या वांझपणाचं, धर्माचं, काहीही. ती म्हणाली, "याच बाईने त्याला न्हाऊ घातलेलं." हे ती कुणाला सांगत होती, कळलं नाही. चुरीने ते साहेबाला सांगितलं नाही.

*

सोनकीला जमादाराने तालुक्याला नेलं. बावीस दिवस ठेवलं. तोवर लढाई संपली होती, पेढे वाटून झाले होते, काळे कागद चुलीत गेले होते. पुरावा नाही म्हणून सोडलं. ती परत आली तेव्हा तिच्या होडीवर यायला एकही खलाशी तयार झाला नाही. बदल्यात मिळायचं नायलॉनचं जाळंही तिला मिळालं नाही, कारण तिचं जाळं नियमात बसत नव्हतं. महिनाभराने तिने मुलीला कडेवर घेतलं आणि एसटी पकडली. जाताना घराला कुलूप लावलं नाही.

कचेरीतून आलो त्या दिवसापासून हरेश्वर आमच्या विहिरीचं पाणी प्याला नाही. तहान लागली की पार दुसऱ्या पाखाडीत, आरेकरांकडे जायचा. चहा मात्र घ्यायचा. मी त्याला कधी विचारलं नाही, आणि तोही बोलला नाही. सोळा वर्षांनी गेला तेव्हा तोंडात पाणी घालायला मी वाटी पुढे केली, तर त्याचे ओठ मिटलेले होते. ते आधीच मिटले होते की तेव्हा, सांगता येत नाही.

*

तालुक्याच्या बाजारात सोनकी मला एकदाच भेटली. अकरा वर्षं झाली होती. ती सुकी मासळी घेऊन बसली होती, फाटक्या छत्रीखाली. मी तिला लांबूनच ओळखलं. वळून जाता आलं असतं.

"काय देऊ?" ती म्हणाली, कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

"सोनके."

"जवळा हाय, करंदी हाय. बोंबील संपले."

जवळ्याचा ढीग तिने एका पितळी थाळीत लावला होता. थाळीच्या काठाजवळ एक भोक होतं, लाखेने बुजवलेलं. त्याच्या शेजारी कोरलेलं नाव. भोक 'मे'च्या अलीकडे होतं, नावाला धक्का लागला नव्हता.

मी थाळीकडे बघते आहे हे तिने बघितलं.

"तुझी हाय," ती म्हणाली. "त्याच्या हातातून सोडवायला दोन माणसं लागली. तेव्हाच कळलं मला, सकाळी तो तुझ्याकडं आलेला. मला सांगितलं नव्हतं."

मी ढिगातला जवळा बोटांनी चाळला.

"काय बोलला तो?"

"थाळी मागितली."

"आणि?"

"आणि काय?"

"थाळी मागायला तो तुझ्या दारात जाणारा नव्हता. पत्र्याचा डबा चालला असता त्याला. आणि काय मागितलं?"

"काय नाय," मी म्हटलं.

सोनकी हसली. तिचे पुढचे दोन दात गेले होते. तिने जवळा पदरात ओतून घेतला, थाळी फडक्याने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"नेतेस?"

"नको."

"ने. वाटणीत तुझ्याकडंच होती."

"नको म्हटलं ना."

तिने जवळा परत थाळीत ओतला, नीट टोकदार ढीग केला. मग मागच्या माठातून तांब्या बुडवून काढला.

"ऊन हाय. पाणी पी."

मी तांब्या घेतला. सगळा प्याले. हनुवटीवरून गळ्यावर आलं ते पुसलं.

"गोड हाय?" तिने विचारलं.

"हाय."

"इथल्या विहिरीला कुलूप नसतं," ती म्हणाली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "काय देऊ बाय?"

*

सोनकी नववं जाळं घेऊन आली त्या दिवशी सकाळी, कुलूप घालायच्या आधी, मी विहिरीत दोर सोडून बघितलं होतं. पाणी अकरा हात होतं.